तीन मिनिटं

टेबलावर एक दिवा आहे.
हिरवा असेपर्यंत बोलायचं.

मी हेल्का तुओरिला. हापानिएमीच्या शाळेत
एकोणीस वर्षं स्वयंपाक करते.
तुमच्या अहवालात मी पान अकरावर आहे:
'स्वयंपाकघर, शून्य पूर्णांक सहा पद.'
घरी वाचून दाखवलं तर नवरा म्हणाला,
उरलेली शून्य पूर्णांक चार कुठे ठेवतेस गं?

मी रडायला आलेले नाही.
रडून झालं मागच्या सभेत,
तुम्ही ते एका ओळीत बसवलंत:
'पालकांनी भावना मांडल्या.'
मी भांड्यांचा हिशेब आणलाय.

मुलं सत्तावीस, हे खरं.
वर्ग सहा, त्यातले तीन रिकामे, तेही खरं,
आणि वरचं छत कधीपासून पत्रा मागतंय.
मग वरचा मजला बंद करा ना.
नळांतलं पाणी काढा, दार ओढून घ्या,
आम्ही राहू खाली.
घर मोठं पडलं म्हणून कोणी पाडत नाही,
थंडीत दोन खोल्या मिटतो
आणि चुलीजवळ सरकतो.

दुसरं, संगीताचे मास्तर.
आठवड्याला दोन तास, आणि त्यांच्यासाठी म्हणे
मोठ्या शाळेतच जायला हवं.
बस तर तुमच्या आराखड्यात आहेच.
तीच उलटी फिरवा.
एक माणूस आणि त्याचं अकॉर्डियन
एक्केचाळीस मिनिटांत इकडे पोचेल.
सत्तावीस जणांनी का निघावं अंधारात
आणि अंधारातच का परतावं,
डिसेंबरात, जेव्हा दिवेलागण
दुपारी तीनला होते?
आर्वो सात वर्षांचा आहे. त्याला बस लागते.
हे कुठल्या रकान्यात भरायचं, सांगा.

तिसरं. (पिवळा झाला का? बरं, पटकन.)
आमच्या वस्तीत चौदा म्हातारी माणसं
एकेकटी जेवतात.
तुम्हीच त्यांना डबा पाठवता,
प्लास्टिकचा, तेवीस किलोमीटरवरून, कोमट.
दुसऱ्या खात्याचा अहवाल, पान चार,
तोही वाचलाय मी.
माझं पातेलं साठ जणांचं आहे.
ती चौदा जणं चालत येतील,
कोणी काठीने, कोणी स्लेज ढकलत,
एका पंगतीला बसतील मुलांसोबत.
डब्याचे पैसे शाळेच्या खात्यात टाका,
गाडीचं तेल वाचेल ते वेगळं.
आणि लेम्पी राउतियो, वय एक्क्याण्णव,
त्यांना कमी ऐकू येतं.
पहिलीच्या मुलांना मोठ्याने वाचायला
याहून चांगलं माणूस
तुमच्या मोठ्या शाळेत आहे का?

चौथं

माइक बंद झाला.
चौथं मला तसंही नीट जमलं नव्हतं.
कागदावर नुसतं लिहिलं होतं: 'सुतार, रिकामा वर्ग, भाडं?'
आणि खाली सुपाचा डाग.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तशी पद्धत नाही.
कडेच्या खुर्चीतल्या माणसाने,
जो तासभर पेनाचं टोपण चघळत होता,
मान वर केली:
गुरुवारी अजून वाटाण्याचंच सूप असतं का?
असतं, मी म्हटलं, माइकशिवाय.
मोहरी वरून, ज्याची त्याने घ्यायची.
अध्यक्षांनी घसा खाकरला.
विषय पुढच्या सभेवर गेला.

परतताना तलाव गोठलेला होता,
शाळेत जिन्याखालचा एक दिवा चालू राहिलेला.
विजेचं बिल, मी मनात म्हटलं,
आणि आत जाऊन विझवला.

बुधवारी रात्री वाटाणे भिजत घालताना
हात डब्यावर थांबला.
सत्तावीस मुलं, दोन बाई, मी.
तेवढे घातले.
झाकण लावलं. काढलं.
मग आणखी चौदा मुठी,
कोणाची परवानगी नाही, कुठला ठराव नाही,
आणि एक मूठ त्या टोपणवाल्यासाठी,
येवो न येवो.

सकाळी पाहिलं तर
पाणी सगळं पिऊन
वाटाणे काठाला आले होते.
फोन घेतला आणि
आधी लेम्पीबाईंना लावला,
त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.